आर्किटेक्ट बाईचं चालू खातं

सांगलीत स्वतःची प्रॅक्टिस काढायचं ठरवलं तेव्हा सगळे म्हणाले, काम मिळायला वेळ लागेल. काम मिळालं. विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर जागा मिळाली, खाली झेरॉक्सवाला. आमच्या धंद्यात याहून चांगला शेजार नाही. आर्किटेक्चर परिषदेची नोंदणी होतीच, तिचं नूतनीकरण ऑनलाइन झालं. उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, एका दुपारी उरकली. अडकले ते बँकेत, चालू खातं उघडताना. अजूनही त्या शाखेवरून जाताना माझी स्कूटर जरा जोरातच जाते.

बँकेचं नाव लिहीत नाही. मैत्रिणींनी आपापल्या बँकांचे किस्से सांगितले, त्यात फार फरक नव्हता.

आधी हे सांगते की चालू खातं लागतंच कशाला. सुरुवातीला लोक फी बचत खात्यावर पाठवतात, चालून जातं. पण एका शिक्षणसंस्थेचं काम मिळालं आणि त्यांनी पहिला हप्ता चेकनं दिला, फर्मच्या नावानं. फर्मच्या नावाचं खातं नाही तर तो चेक म्हणजे नुसता कागद. वर चेकची मुदत तीन महिने. ड्रॉवर उघडला की तो चेक दिसायचा आणि त्यावरची तारीख.

तर माझी कागदपत्रं अशी. पदवी माहेरच्या नावावर. परिषदेची नोंदणीही त्याच नावावर, कारण ती लग्नाआधीची. माझ्या शिक्क्यावर तेच नाव आणि खाली सीए (परिषदेचं आद्याक्षर, चार्टर्ड अकाउंटंट नव्हे), वर्ष, क्रमांक. पॅन माहेरच्या नावावर. आधार मात्र सासरच्या नावावर, कारण लग्न झाल्या झाल्या रेशनकार्डात नाव घालायचं होतं आणि सासूबाईंनी माझ्यासोबत येऊन ते करून घेतलं. उद्यमनं नाव आधारवरून उचललं, म्हणून तेही सासरचं. आपल्याकडे बाईचं लग्न झालं की नावातले तीनपैकी दोन शब्द बदलतात, वडिलांचं नाव आणि आडनाव. काही घरांत तांदळात नाव लिहून पहिलंही बदलतात. माझं पहिलं तेवढं वाचलं.

काउंटरपलीकडच्या साहेबांनी हे सगळे कागद टेबलावर ओळीनं मांडले, चष्मा वर केला आणि विचारलं, "यातल्या नक्की तुम्ही कोण?"

मी हसले, कारण मला ती गंमत वाटली. ती गंमत नव्हती.

"नाव बदलल्याचं गॅझेट आणा," ते म्हणाले, म्हणजे सरकारी राजपत्रातली नोंद. मी म्हटलं, मी नाव बदललेलंच नाही, व्यवसायात मी जन्मनावच वापरते. "मग आधार बदलून आणा." मग थोडं थांबून, "नाहीतर असं करा, साहेबांना घेऊन या. त्यांचं खातं इथंच आहे ना?"

होतं. नवऱ्याचं मिरजेत औषधांचं दुकान आहे आणि त्याचं चालू खातं याच शाखेत एका सकाळी उघडलं होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं की तू नक्की कोण. त्याच्या सगळ्या कागदांवर एकच नाव, पाळण्यातल्यापासून.

पुढच्या खेपेला साहेबांनी माझी पाटी वाचली. म्हणजे लेटरहेड. "आर्किटेक्ट? म्हणजे इंटिरियर का?" हा प्रश्न सांगलीत मला मिस्त्रीपासून ते बिल्डरपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. बाई म्हटलं की पडदे, सोफा, फॉल्स सीलिंग. मी तेव्हा गावभागातल्या एका जुन्या घराच्या कामात होते. तिथं जोत्याची उंची ठरवताना मालकानं भिंतीवर हात ठेवून दाखवलं होतं, इथवर पाणी होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि धोक्याची पातळी आहे ४५ फूट. त्या घराच्या चुन्याच्या भिंतीवर तपकिरी रेघ अजून तशीच आहे, तिच्या खालचा गिलावा बोटानं सुटतो. तिथं मी मीटर कुठं बसवायचा, जिना कुठून काढायचा, पाणी आलं तर माणसं आणि दळणाचे डबे वर कसे जातील हे ठरवत होते. साईटवर बाईसाठी संडास नाही म्हणून दुपारपर्यंत पाणी न पिता. आणि बँकेत मी इंटिरियर.

खरं तर आपल्या देशात हे काम बायका कधीपासून करतायत. पेरीन मिस्त्री मुंबईच्या जे. जे.तून १९३६ ला शिकून बाहेर पडल्या, भारतातल्या पहिल्या महिला आर्किटेक्ट म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. प्रवीणा मेहतांनी साठच्या दशकात आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया आणि इंजिनिअर शिरीष पटेलांबरोबर नवी मुंबईची कल्पना मांडली. तिघांचं ते काम, पण बहुतेकांच्या तोंडी एकट्या कोरियांचं नाव. पुण्यात जन्मलेल्या अनुपमा कुंडूंनी ऑरोव्हिलमध्ये बांधलेलं वॉल हाऊस आम्ही कॉलेजात अभ्यासलं होतं. आमच्या वर्गात मुलीच जास्त होत्या. आज त्यातल्या कितीजणींची स्वतःची पाटी आहे ते बघितलं की कळतं, गळती नंतर लागते. बाहेरही फार वेगळं नाही. आर्किटेक्चरमधलं सगळ्यांत मानाचं प्रिट्झकर पारितोषिक १९७९ पासून आहे, पहिल्या बाईला, झाहा हदीदला, ते २००४ ला मिळालं. १९९१ मध्ये रॉबर्ट व्हेंच्युरींना दिलं तेव्हा त्यांच्या भागीदार आणि पत्नी डेनिस स्कॉट ब्राउन यांना वगळलं. २०१३ मध्ये त्यासाठी मोठी सह्यांची मोहीम झाली, तरी समितीनं निर्णय बदलला नाही. कामावर नाव कुणाचं, हा वाद तेवढा जुना आहे. मला तर नुसतं खातं हवं होतं.

बरं, इंटिरियरचा विषय निघालाच होता म्हणून साहेबांनी मला त्यांच्या नव्या फ्लॅटचा नकाशा मोबाइलवर दाखवला आणि ओटा आग्नेयेला घेता येईल का ते विचारलं. माझा अर्ज तसाच बाजूला पडलेला. मी सांगितलं, येईल, पण ड्रेनेजचा पाइप फिरवावा लागेल. फुकट सल्ला दिल्यावर तरी काम होईल असं मनात होतं. "गॅझेट तेवढं आणा मॅडम," असं म्हणाले.

गॅझेट का केलं नाही हे अनेकजणी विचारतात. महाराष्ट्राचं राजपत्र आता ऑनलाइन अर्जानं होतं, त्यात काही अवघड नाही. पण गॅझेट केलं की सरकारदरबारी ठरणार की माझं नाव बदललं. मग परिषदेच्या नोंदवहीत बदला, शिक्का बदला, जुन्या नकाशांवरची सही एका नावाची आणि आजची दुसऱ्या. एका चालू खात्यासाठी एवढं? शिवाय उलटं फिरायचं तर आणखी त्रास. केंद्राच्या राजपत्रात माहेरचं नाव परत लावायला नवऱ्याचं ना-हरकत पत्र किंवा घटस्फोटाचा हुकूम मागत होते, त्याविरुद्ध २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली होती. नाव माझं आणि हरकत नसल्याचं पत्र त्याचं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, दोन पत्रं देतो, एक लॅमिनेट करून.

मग मी रात्री रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचे निर्देश वाचले, तेव्हा लागू असलेले २०१६ चे. कंटाळवाणं वाचन आहे, पण आमचे बांधकाम नियमही काही कविता नसतात. त्यात दोन गोष्टी सापडल्या. एक, ओळखपत्रावरचं नाव नंतर बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र यापैकी काहीही चालतं. "किंवा" आहे तिथं. दुसरी, एकट्याच्या मालकीच्या फर्मचं खातं उघडायला व्यवसायाचे दोन पुरावे मागतात, आणि त्या यादीत कायद्यानं स्थापन झालेल्या व्यावसायिक संस्थेचं प्रमाणपत्र येतं. आमची परिषद १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टखालची. म्हणजे ज्या कागदाकडे साहेब "हे काय प्रायव्हेट सर्टिफिकेट का?" म्हणून बघत होते तोच यादीतला एक पुरावा होता. (त्याच कायद्यानं नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. सांगलीत अशा पाट्या मोजायला बसले तर माझा रविवार जाईल.)

पानं छापली, पिवळ्या पेननं ओळी रंगवल्या, नेल्या. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "आमचं इंटर्नल सर्क्युलर वेगळं आहे." दाखवा म्हटलं तर ते दाखवता येत नाही. मग त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला हातात घेतला. "यात तुमचं नवीन नाव कुठाय?"

इथं मात्र ते बरोबर होते, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. आपल्याकडचा तो नमुना ई. त्यात वराचं नाव असतं, वधूचं लग्नाआधीचं नाव असतं. लग्नानंतर ती काय नाव लावणार, याची ओळच नाही. एवढ्या बायका हा दाखला घेऊन दारोदार फिरतात आणि जे सिद्ध करायचं तेच त्यात लिहिलेलं नसतं.

त्यावर उपाय म्हणजे प्रतिज्ञापत्र: अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती, म्हणजे मी. वकिलाकडे तयार मजकूर असतो, फक्त त्यात सगळ्या कागदांवरची नावं स्पेलिंगसकट, जशी छापलीत तशी घालून घ्या. माझ्या पॅनवर वडिलांच्या नावाचं एक अक्षर जास्त आहे, तेही घातलं. दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज दिला. वॉचमन एव्हाना ओळखीचा झालेला. "बसा की ओ ताई, लंच चालू हाय," म्हणून खुर्ची द्यायचा. संपूर्ण शाखेत कामाचं तेवढंच बोलणं.

आणि आता खरी गोष्ट, जी मला पहिल्याच दिवशी कुणी सांगायला हवी होती. तोंडी "होत नाही" ऐकून परत येऊ नका. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोच मागा, शिक्का आणि तारखेसह. नाकारायचं असेल तर कारण लेखी मागा. मी पोच मागितली तेव्हा साहेबांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "पोच कशाला? आपण काय परके का?" पोच दिली नाही. मी घरी येऊन बँकेच्या वेबसाइटवरून तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता काढला आणि सगळे कागद जोडून ईमेल केला. त्यात निर्देशातली ती ओळ, शाखेत काय सांगितलं ते, आणि शेवटी एक वाक्य: ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. बँकांविरुद्धच्या तक्रारींसाठी ही रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना आहे, तक्रार ऑनलाइन करता येते, खर्च काही नाही. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, म्हणून ती पोच किंवा ईमेल.

लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. शाखेतून फोन आला. "मॅडम, तुम्ही वर कशाला लिहिलंत, इथं सांगायचं ना." मी काही बोलले नाही. गेले, सह्या केल्या, फोटो चिकटवले. तेच साहेब, तेच कागद, तेच टेबल, आणि सगळं चाललं. गॅझेटचा विषयही निघाला नाही. चहा मागवला त्यांनी. मी घेतला, कारण ती शाखा माझं तेवढं तरी देणं लागत होती. शिक्षणसंस्थेचा चेक मुदतीत भरला गेला, जेमतेम.

राहिलेलं, आठवेल तसं. उद्यमची नोंदणी मोफत आहे. सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइट पैसे मागतात, त्यांच्या नादी लागू नका. शॉप ॲक्टमध्ये (दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात) माणसं थोडी असतील तर नुसती सूचना द्यायची असते, तीही दुसरा पुरावा म्हणून लावा. मुद्रा कर्ज घेणार असाल (मी संगणक आणि प्लॉटरसाठी किशोर गटात घेतलं) तर तिथं तारण मागत नाहीत. "साहेबांची सही", म्हणजे नवऱ्याची, मागितली तर कुठल्या नियमानं ते विचारा, माझ्या वेळी एवढं विचारल्यावर मागणी विरघळली. क्लायंट फीमधून टीडीएस कापतो तो पॅनवर जमा होतो, म्हणून फर्मची बिलं पॅनवरच्या नावाशी जुळतात ना ते पहा.

आणि लग्न ठरलेल्या मुलींनो, सासरचे प्रेमानं म्हणतील, चल, आधार बदलून येऊ. नोंदणी असलेला व्यवसाय करणार असाल तर एक आठवडा थांबा आणि ठरवा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. माझी एक संधी रेशनकार्डात गेली, दुसरी मी अजून वापरलेली नाही. सासूबाई आता स्वतःच म्हणतात, तेवढं राहू दे.

चेकबुक आलं की त्यावरचं नाव तिथल्या तिथं वाचा. माझ्या पहिल्या चेकबुकावर फर्मच्या नावापुढे "इंटिरियर्स" छापून आलं होतं. ते परत केलं, लेखी अर्जासह, आणि या वेळी पोच मिळाली.