कीबोर्डवर हॅश कुठे आहे?

आमच्या ग्रंथालय-सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका लिहायला जी माणसं आपणहून पुढे आली, त्यांत प्रोग्रॅमर कोणीच नाही. निवृत्त ग्रंथपाल, शाळेतले शिक्षक, एका वाचनालयाचे चिटणीस. जुनी पुस्तिका डॉकबुकमध्ये, म्हणजे मजकुराला कोनी कंसांतल्या खुणा घालून लिहायच्या पद्धतीत होती. तिथे प्रत्येक पायरीसाठी दोन खुणा उघडा, दोन बंद करा. एक बंद करायची राहिली की अख्खं प्रकरण अडून बसतं. ते सोडायचं हे नक्की होतं. पर्याय निवडायला रविवारी पुण्यातल्या एका वाचनालयात जमलो.

माझं मन रीस्ट्रक्चर्डटेक्स्टकडे झुकलेलं. साध्या मजकुरातच थोड्या खुणा करून मांडणी सांगायची ही पद्धत. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची अधिकृत माहिती त्यातच लिहिली जाते, लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलनेही २०१६ पासून डॉकबुक सोडून तीच वाट धरली. दुसरा पर्याय त्याच जातीचं, २००४ सालचं मार्कडाउन.

ग्रंथपालबाई इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीवर झरझर टाइप करतात. ‘नवीन पुस्तकाची नोंद’ हे शीर्षक लिहून त्यांनी अक्षरं आणि मोकळ्या जागा मोजल्या, आणि हे शीर्षक आहे हे कळावं म्हणून खाली तितक्याच, बरोबर अकरा आडव्या रेघा (-) दिल्या. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टने तक्रार केली: रेघ तोकडी आहे. डोळ्याला तर पुरेशी दिसत होती! तो प्रोग्रॅम काना, वेलांटी, अनुस्वार यांनाही वेगळी जागा धरतो. मराठी वाचणाऱ्या माणसाने ‘पु’ची दोन अक्षरं का मोजावीत?

मार्कडाउनमध्ये शीर्षकाला हॅश (#) लागतो. बाईंनी शिफ्ट धरून ३ दाबला, तर रकार उमटला. इन्स्क्रिप्टमध्ये तिथे हॅश नाहीच. < च्या जागी ष आहे, > च्या जागी दंड. म्हणजे दर खुणेला कीबोर्ड इंग्रजी करा, पुन्हा मराठी करा. “अहो, यात लिहायचं काय होतं तेच विसरायला होतं,” त्या म्हणाल्या. हे मला फार लागलं. बाईंना पुस्तकाच्या नोंदीतला कोपरा न् कोपरा ठाऊक आहे. तेच ज्ञान आम्हाला हवं होतं.

चिटणिसांनी पायऱ्यांना १, २, ३ असे मराठी आकडे घातले. मार्कडाउनची कॉमनमार्क ही नियमावली क्रमवार यादीसाठी फक्त इंग्रजी आकडे ओळखते. साऱ्या पायऱ्या एका परिच्छेदात गोळा झाल्या.

तरीही निवडलं मार्कडाउनच. कारण त्यात शीर्षकाखाली रेघा दिल्या तरी चालतं, त्या कितीही आखूड असोत, आणि ती आडवी रेघ इन्स्क्रिप्टमध्ये जागच्या जागी मिळते. मध्ये ओळ मात्र सोडायची नाही, नाहीतर शीर्षकाऐवजी नुसती आडवी रेष येते. ओळीच्या सुरुवातीचे मराठी आकडे बदलून घेणारी छोटी स्क्रिप्ट तिथेच बसून लिहिली. छापील पानावर ते पुन्हा मराठीत दिसतात. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत देवनागरी क्रमांकांची सोय आहेच.

तक्त्याच्या रकान्यात पायऱ्या लिहायच्या तर मार्कडाउन कमी पडतं, तिथे ॲस्कीडॉक ही अशीच आणखी एक पद्धत सरस आहे. अशी मोजकी पानं आम्ही तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यांनी हाताने करायची, असं ठरलं. संध्याकाळपर्यंत बाईंची देवघेवीची तीन पानं तयार होती.