सोलापूरला नाही, गाडी आंबा घाटात उकळली

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की आमची दहा टायर ट्रक ऊस सोडून लाईनवर, म्हणजे लांबच्या भाड्याला येते. यंदा लाईनवर काढायच्या आधी उन्हाळ्याचं काम करून घ्यावं म्हणून ओळखीच्या गॅरेजला लावली. मिस्त्री म्हणाला, "मालक, थर्मोस्टॅट काढून टाकू. उन्हाळ्यात काय काम त्याचं? इंजिन गार राहतंय बघा." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनचं पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. पंधरा वर्षांची ओळख, मी मान डोलावली. रेडिएटर धुतला, बेल्ट बदलला, साडेचार हजार घेतले.

पहिली ट्रिप सोलापूर. मिरज, सांगोला, मंगळवेढा. भर दुपारी केबिनमध्ये बसवत नव्हतं, पण इंजिनच्या पाण्याची उष्णता दाखवणारा काटा जागचा हलला नाही. या ट्रिपेचं सांगण्यासारखं एवढंच की तिनं मला फसवलं.

दुसरी ट्रिप साखर घेऊन रत्नागिरी, येताना जांभा चिरा, म्हणजे बांधकामाचा लाल दगड. खाणीवर भरताना चिरा नगावर मोजतात, काट्यावर नाही. दहा टायरला गाडीसकट साडेअठ्ठावीस टन पास आहे. आम्ही किती भरला ते इथं लिहीत नाही, पण पास वजनाच्या आत नव्हतो हे कबूल करतो.

आंबा घाटाच्या पायथ्याचं साखरपा सोडल्यावर चढ लागतो. ऊन ३५-३६ असेल, सोलापूरच्या मानानं काहीच नाही. तिसऱ्या गिअरला गाडी कण्हत चालली होती, पुढं एक टँकर, त्याच्या मागं दहाच्या स्पीडनं आम्ही. तिसऱ्या-चौथ्या वळणावर क्लीनर पोरगं म्हणालं, "मामा, काटा वर चाललाय." बघतोय तोवर लाल. बोनेटमधून गुळाच्या काहिलीसारखा आवाज.

इथं माझी पहिली चूक: घाबरून इंजिन लगेच बंद केलं. असं करू नका. पाणी सगळं सांडलेलं नसेल आणि बेल्ट शाबूत असेल तर गाडी बाजूला घ्या, चाकांना दगड लावा आणि न्यूट्रलला रेस थोडी वाढवून पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. पंप आणि फॅन फिरत राहिले तर उष्णता बाहेर पडते. बंद केलं की हेडभोवतीचं (इंजिनच्या वरच्या भागातलं) पाणी तिथंच उकळतं. पाणी उरलेलंच नसेल तर मात्र ताबडतोब बंद. आणि रेडिएटरचं झाकण पाऊण तास तरी उघडायचं नाही. उघडताना वर जाड बारदान, आधी अर्धा आटा, दाब गेला की मग पूर्ण. क्लीनर पोराचा हात थोडक्यात वाचला.

आता लुटीचं. अर्ध्या तासात एक जण मोटरसायकलवर दोन कॅन घेऊन हजर. वीस लिटरच्या कॅनला तीनशे रुपये. पाणी ओढ्याचं, तळाला गाळ दिसत होता. पाठोपाठ दुसऱ्याचा फोन: वरपर्यंत ओढून नेतो, बारा हजार. मी पाणी घेतलं, क्रेन नाही. घाट चढायला पाच तास लागले, तीनदा थांबून. माझं स्पष्ट मत आहे, साखरप्यातच चाळीस लिटर पाणी भरून घ्या. पाणी ओतताना इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओता. तापलेल्या हेडवर गार पाणी एकदम पडलं तर हेडला चीर जाते, मग बारा हजारात काही होत नाही.

कोल्हापुरात आल्यावर दुसऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं इंटरकूलर (रेडिएटरच्या पुढची, टर्बोची हवा गार करणारी जाळी) सैल करून पुढं ओढला आणि मला बोलावलं. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधे पाचट, धूळ, ऑइलचा चिकटा यांचा थर, घोंगडीसारखा. बोटानं धरून ओढला तर अख्खा तुकडा निघाला. चार महिने उसाच्या फडात गाडी चालू ठेवून उभी असते, फॅन सगळा पाला आत ओढतो. आधीच्यानं धुतला तो फक्त पुढनं. पुढनं फवारा मारला की घाण आणखी आत बसते. हवा नेहमी फॅनच्या बाजूनं बाहेर मारायची, आणि वॉशिंगचा फवारा जवळ धरला तर जाळीच्या पत्त्या वाकतात. ऊस ओढलेली गाडी असेल तर इंटरकूलर सैल केल्याशिवाय धुण्याचे पैसे देऊ नका.

थर्मोस्टॅटचं तर आणखी वाईट. माझ्या इंजिनात तो उघडतो तेव्हाच बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या आडवाटेचं तोंड बंद करतो. काढून टाकला की बायपास कायम उघडा, म्हणजे तापलेलं पाणी काही रेडिएटरला जातं आणि काही गार न होताच परत इंजिनात. सपाटीला साठच्या स्पीडनं वारा मिळतो, तेवढ्यावर निभावतं. घाटात ताकद पूर्ण लागते आणि वारा नाही. म्हणून सोलापूर निघालं आणि आंबा नाही. नवा आणला, त्यावर ८२ आकडा होता, म्हणजे ८२ डिग्रीला उघडायला लागणारा. बसवायच्या आधी आईच्या पातेल्यात पाणी तापवून तारेनं लोंबकळत सोडला. पाणी उकळीला येण्याआधी बारीक टक् करून उघडला. आईनं पातेलं टाकून दिलं, तो खर्च वेगळा.

साध्या पाण्याऐवजी आता अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड घातलंय. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं, झाकणही नवं. दाब टिकला तरच उकळायची डिग्री वर जाते. नव्या झाकणाला दीड हजार कुणी मागत नाही, तरी लोक तेच टाळतात.

टायर: हवा पहाटे गार असताना बघा. सकाळी ११० पीएसआय भरली तर तापल्यावर १२५ च्या आसपास दाखवते. ते बघून हवा सोडणारे अडाणी आहेत, हवा कमी झाली की टायर आणखी तापतो. पुढं रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर) घालू नका. चिरा उतरल्यावर जोडटायरमधले तुकडे टॉमीनं (लोखंडी पहारीनं) काढा.

घाटात गिअर आधीच एक खाली टाका. दुसऱ्याला स्पीड कमी होतो पण फॅन आणि पंप जोरात फिरतात. तिसऱ्याला कण्हत नेलं हीच माझी दुसरी चूक.

परवा परत चिरा आणायला चाललोय. यावेळी नग कमी, आणि पहाटे तीनला साखरपा सोडायचा, टँकर उठायच्या आधी.