चोराची बॅटरी

सकाळच्या पेपरात मी आधी चोऱ्या वाचतो. अग्रलेख नंतर, जमलं तर. चोरीच्या बातमीची भाषा मला फार आवडते. तिथे दागिने चोरीला जात नाहीत, 'लंपास' होतात. चोर पळून जात नाही, तो 'अंधाराचा फायदा घेऊन पोबारा' करतो. रोकड आणि ऐवज यांचा मिळून 'मुद्देमाल' होतो, त्यावर 'डल्ला' मारला जातो, आणि हे सगळं करणारे कायम 'अज्ञात चोरटे' असतात. चाळीस वर्षं मी या अज्ञात चोरट्यांचा इमानी वाचक आहे.

पण खरी चव अज्ञातांच्या बातमीत नसते. हुशार चोराची बातमी 'पुढील तपास सुरू आहे' इथे संपते. तो घरात शिरल्यावर आधी कुठे बसला, कशाला घाबरला, काय बघून त्याला मोह झाला, काही म्हणजे काही कळत नाही. हे तपशील मिळतात ते फजिती झालेल्याच्या बातमीत. चोर या माणसाबद्दल आपल्याला जी काही माहिती आहे, ती सगळी बावळट चोरांच्या कृपेनं.

जानेवारी २०२२ मधली गुवाहाटीची गोष्ट घ्या. घरातली मंडळी बाहेरगावी गेलेली. चोर आत शिरला, सामान गोळा केलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन खिचडी टाकली. खिचडी! बिस्किटं खाल्ली असती, फ्रिजमधलं काही तोंडात टाकलं असतं तर समजू शकतो. खिचडीला डाळ-तांदूळ धुवावे लागतात, पाण्याचा अंदाज घ्यावा लागतो, परक्या घरात मिठाचा डबा शोधावा लागतो. आणि एवढं करून ती शिजेपर्यंत थांबावं लागतं. माझ्या डोळ्यांपुढे तो माणूस येतो तो या थांबण्यातला. शेजारी चोरीचं गाठोडं, समोर गॅसवर पातेलं, आणि हा हाताची घडी घालून वाफेकडे बघतोय. बंद घराच्या स्वयंपाकघरातून आवाज येतोय म्हटल्यावर शेजाऱ्यांना शंका आली आणि चोर पकडला गेला. आसाम पोलिसांनी त्यावर ट्विट केलं, की खिचडीचे आरोग्याला पुष्कळ फायदे असले तरी घरफोडी चालू असताना ती शिजवणं प्रकृतीला अपायकारक ठरू शकतं. चोराला अटक झाली असून गुवाहाटी पोलीस त्याला गरम जेवण वाढत आहेत. खिचडी शेवटी त्याच्या पोटात गेली की नाही, हा माझ्या मते मुख्य मुद्दा. त्यावर कुणीच काही लिहिलं नाही.

लखनौच्या इंदिरानगरमधला तर त्याच्याही पुढचा. २०२४ च्या जून महिन्यातली गोष्ट. रात्री एका डॉक्टरांच्या बंद घरात शिरला. प्यायलेला होता. बाहेर लखनौचा उन्हाळा. आत त्यानं दिवाणखान्यातला एसी लावला, आडवा झाला आणि गाढ झोपला. पुढचं दार उघडं बघून शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. जागं करायला पोलीसच आले, तोवर हातात मोबाइल तसाच. त्या झोपेचा फोटो सगळीकडे फिरला होता. त्यात गुन्हेगार कुठे दिसतच नाही. सुट्टीच्या दिवशी जेवून लवंडलेला कुठलाही गृहस्थ असाच दिसतो.

या दोघांचं चुकलं काय, तर दोघेही मध्येच चोर असल्याचं विसरले. बंद घरात एक गंमत असते. भांडी फडताळात लावलेली, उशी जागच्या जागी, भिंतीवर कालनिर्णय. बाहेरून आलेला माणूस चोर म्हणून आत येतो खरा, पण दहा मिनिटांत घर त्याला आपल्यात ओढून घेतं. मग त्याला भूक लागते, उकडायला लागतं, पाठ टेकावीशी वाटते.

श्रीकाकुलमच्या चोराला मात्र घराची ओढ वगैरे नव्हती, तो नुसता मापात चुकला. आंध्रातल्या त्या जिल्ह्यात, एका खेड्यातल्या देवीच्या देवळात, २०२२ च्या एप्रिलमध्ये तो भिंतीतल्या एवढ्याशा भोकातून आत गेला, देवीचे दागिने घेतले आणि त्याच भोकातून बाहेर येताना कमरेशी अडकला. अर्धा आत देवीपाशी, अर्धा बाहेर गावापाशी. शेवटी त्यालाच मदतीसाठी हाका माराव्या लागल्या. जाताना मावला तो येताना का मावला नाही, याची चर्चा आमच्या कट्ट्यावर दोन दिवस चालली. आत जाताना माणूस श्वास रोखतो आणि काम झाल्यावर सोडतो, असं एकाचं म्हणणं पडलं. दुसऱ्यानं देवीवर टाकलं.

भोकाचं माप हा आपल्याकडे जुना विषय आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला चोर शर्विलक आठवा. तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडायला येतो, आणि घाई बाजूला ठेवून आधी विचार करतो, की भोक कुठल्या आकाराचं पाडावं. कमळासारखं? सूर्यासारखं? चंद्रकोर? स्वस्तिक? शेवटी पक्क्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभ शोभेल असं ठरवतो, म्हणजे उद्या सकाळी लोकांनी बघून तोंडात बोट घातलं पाहिजे. आणि मग लक्षात येतं की मापाची दोरी आणायची विसरली! तेव्हा गळ्यातलं जानवं काढून त्या जानव्यानंच माप घेतो. वर जानव्याचे गुणही गातो, की याने भिंत मोजता येते, दागिन्यांची कडी सोडवता येते, साप चावला तर वर बांधता येतं. लगेच त्याच्या बोटाला साप चावतोही.

एवढं कलाकुसरीचं भगदाड पाडून आत गेला, तर घरात मृदंग, वीणा, बासऱ्या आणि पोथ्या. पुरलेलं धन आहे का हे बघायला मंतरलेलं बी टाकलं, ते फुगेना. हा खरोखरीचाच दरिद्री निघाला म्हणून तो परत फिरणार, तेवढ्यात झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय स्वतःहून दागिन्यांची पेटी त्याच्या हातात देतो. हे दागिने गणिका वसंतसेनेनं चारुदत्ताकडे ठेवायला दिलेले. शर्विलकाला ते हवेत आपल्या प्रेयसीला, मदनिकेला, दास्यातून सोडवायला. आणि मदनिका दासी कुणाची? वसंतसेनेची. म्हणजे चोरीचा माल घेऊन हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी थेट मालकिणीच्याच दारात उभे! मदनिकेनं दागिने ओळखले म्हणून बरं, आणि वसंतसेना मोठ्या मनाची म्हणून त्याहून बरं. नाहीतर पूर्णकुंभाचा काही उपयोग नव्हता.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडतो तो चारुदत्त. सकाळी भगदाड बघून आधी तो त्याच्या सुबकपणाचं कौतुक करतो. आणि मग त्याला वाईट वाटतं, की बिचारा एवढ्या आशेनं एवढ्या मोठ्या घरात शिरला आणि रिकाम्या हातानं गेला. आता मित्रांना काय सांगेल? नाटक पहिल्यांदा वाचलं तेव्हा इथे मी थबकलो, कारण हे वाक्य मी आमच्या घरात आईच्या तोंडून ऐकलं होतं. तिनं मृच्छकटिक वाचलेलं नव्हतं.

मी तेव्हा सहावीत. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक, कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, दोन खोल्यांचं बिऱ्हाड. मावशीच्या लग्नाला आम्ही नगरला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी परतलो तर कोयंडा उचकटलेला. बाबांनी आम्हा पोरांना बाहेर थांबवलं आणि छत्री पुढे धरून आत गेले. आई त्यांच्या मागोमाग गेली आणि जवळजवळ लगेच तिचा आवाज आला, "अगं बाई, झाकणं लावून गेलाय!"

चोरानं ट्रंक उघडली होती, कपाट उघडलं होतं, पण त्याचा मुख्य भर स्वयंपाकघरावर होता. बायका पैसे डब्यात ठेवतात हे त्याला पक्कं माहीत होतं. फळीवर पितळेचे आणि स्टीलचे मिळून एकवीस डबे. त्यानं एकेक काढला, उघडला, आत हात घालून बघितला, पुन्हा झाकण घट्ट लावलं आणि जागच्या जागी ठेवला. उतरत्या क्रमानं! आईचे एकशे ऐंशी रुपये मेतकुटाच्या डब्यात तळाशी पुरचुंडीत होते. मेतकुटावर त्याच्या बोटांच्या खुणा दिसत होत्या, पुरचुंडीच्या बोटभर वर थांबलेल्या. तिखटाच्या डब्यानं मात्र घात केला. तो हातातून सुटला असणार. शहाबादी फरशीवर लाल सडा, आणि त्यात फडकं फिरवल्याचा अर्धगोल. पुसायचा प्रयत्न केलेला! ज्यानं कधी सांडलेलं तिखट पुसलंय त्याला ठाऊक आहे, की ते ओल्या फडक्यानं पसरतं आणि हात डोळ्याला लागला की संपलंच. त्याचाही लागला असावा. कारण पुढे लाल पावलं थेट दाराकडे गेली होती, आणि ती सरळ रेषेत नव्हती.

ओट्यावर त्याची बॅटरी राहिली होती. तीन सेलची, स्टीलची, बटणापाशी दोरा गुंडाळलेली. बाबांनी तर्क लढवला, की झाकणं लावायला दोन हात लागतात म्हणून त्यानं ती खाली ठेवली. आई म्हणाली, "बायकोच्या धाकातला आहे." आणि मग ते वाक्य, "शिक्षकाच्या घरात काही मिळालं नाही म्हणून गावभर सांगेल हो तो."

बाबा नियमाचे पक्के. बॅटरी रुमालात गुंडाळून चौकीवर घेऊन गेले, मला सोबत नेलं. हवालदारांनी वही उघडली.

"गुरुजी, गेलं काय?"

"काही नाही."

"मग?"

"ही आली."

हवालदारांनी बॅटरी उलटसुलट करून पाहिली. सेल संपलेले. "चोरी लिहायची तर काहीतरी जायला लागतं गुरुजी," ते म्हणाले. "वाढलेल्या मालाची तक्रार कुठल्या रकान्यात घालू?"

कायद्यात याची सोय होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं शेवटचं, ५११वं कलम वाचा. त्यात उदाहरणं दिलीत: एकानं दागिने चोरण्यासाठी पेटी फोडली, आत दागिनेच नव्हते, दुसऱ्यानं कुणाच्या खिशात हात घातला, खिसा रिकामा निघाला. दोघेही गुन्हेगारच. २०२४ च्या जुलैपासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही हा रिकामा खिसा तसाच ठेवलाय. एवढ्या मोठ्या कायद्यात फजितीसाठी कुणीतरी आठवणीनं जागा राखली, याचं मला बरं वाटतं.

तिखटाचं आमच्याकडे झालं तसं अमेरिकेत लिंबाचं झालंय. १९९५ साली पिट्सबर्गमध्ये मॅकआर्थर व्हीलर नावाच्या माणसानं भरदिवसा, तोंड न झाकता दोन बँका लुटल्या. कॅमेऱ्यातली चित्रफीत रात्री अकराच्या बातम्यांत दाखवली आणि तासाभराच्या आत तो सापडला. पोलिसांनी फीत दाखवल्यावर त्याला खरोखर आश्चर्य वाटलं. "पण मी रस लावला होता," तो म्हणाला. लिंबाच्या रसानं लिहिलेली अक्षरं दिसत नाहीत, तेव्हा रस चोपडलेला चेहरा कॅमेऱ्याला दिसणार नाही, असा हिशेब. पाचवीत आम्हीही लिंबाच्या रसानं चिठ्ठ्या लिहून दिव्यावर धरल्यात. चेहऱ्यापर्यंत कुणी गेलं नव्हतं. या व्हीलरच्या कहाणीवरूनच डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मधल्या आपल्या निबंधाची सुरुवात केली. विनोद, व्याकरण आणि तर्क यांच्या परीक्षा त्यांनी घेतल्या, तर शंभरात तळाच्या बाराव्या पायरीवरचे लोक स्वतःला बासष्टाव्या पायरीवर समजत होते. व्हीलरला मी पोटभर हसलो होतो. विनोद आणि व्याकरण हे शब्द वाचल्यावर जरा आवरतं घेतलं.

हवालदारांनी बॅटरी ठेवून घेतली नाही. "चोर न्यायला आला तर द्या, नाही आला तर वापरा," असा निकाल दिला. बाबांनी नवे सेल घातले, आणि पुढची बारा-तेरा वर्षं आमच्या घरात तीच चालली. वीज गेली की आई अंधारातून ओरडायची, "चोराची बॅटरी आण रे!" पाहुणे दचकायचे. बाबांनी रात्री नळाला पाणी आलं की ती घेऊन अंगणात जायचं, आजी वारली त्या रात्री डॉक्टरांना गल्लीतून आणलं तेही तिच्याच उजेडात. बटणावरचा दोरा सुटला तेव्हा आईनं तसाच दुसरा गुंडाळला.

एक गोष्ट मात्र मला उशिरा लक्षात आली. आम्ही सगळे गावाला निघालो की आई सगळ्या कड्या तपासायची, मेतकुटाच्या डब्यातली पुरचुंडी काढून कमरेला लावायची, आणि अगदी शेवटी ती बॅटरी सेल बघून ओट्यावर, दारातून दिसेल अशी उभी करून ठेवायची. बाबा एकदा चिडले, "अगं, ती कशाला बाहेर? आलाच एखादा तर घेऊन जाईल ना!"

"जाऊ दे," आई म्हणाली. "अंधारात पुन्हा तिखट सांडायला नको."