संध्याकाळी टाळ वाजवू

आषाढी वारीत आमची दिंडी सासवड सोडून जेजुरीच्या रस्त्याला लागली होती. यमाई शिवरीच्या अलीकडे रस्ता अरुंद झाला आणि मागची एक दिंडी सरळ आमच्या मधोमध घुसली. आमचे पताकावाले पुढे, विणेकरी बुवा आणि टाळकरी मागे आणि मध्ये परक्या पताका. पखवाज ऐकू येईना, अभंगाची चाल तुटली. दिंडीतली दोन तरुण पोरं बाह्या सरसावून निघालीच होती. आमच्या दिंडीचे कारभारी अण्णा नुसते म्हणाले, "आता चाला. संध्याकाळी टाळ वाजवू."

ज्यांनी वारी केलेली नाही त्यांना यातली गंमत कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माउलींची पालखी मुक्कामाच्या तळावर पोचली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती आपापल्या जागी उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं कानाला तोंड लावलं तरी कळत नाही. मग चोपदार हातातला दंड वर करतात आणि क्षणात सगळं थांबतं. एवढ्या मोठ्या मैदानात तेव्हा एखादं पोर रडलं तरी ऐकू येतं. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती दिंडी टाळ थांबवत नाही. त्या शांततेत फक्त त्यांचे टाळ वाजत राहतात. चोपदार त्यांच्याकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात, निवाडा करतात. समाधान झालं की तेही टाळ थांबतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची यादी वाचली जाते, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात आणि आरती होते.

म्हणजे रागावू नका असं वारीत कुणी सांगत नाही. राग काढायची वेळ आणि जागा ठरवून दिलेली आहे, इतकंच. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास या सोहळ्याला आजचं रूप दिलं, ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. निघण्याआधीचे भोंगे, रथापुढच्या २७ दिंड्या आणि मागच्यांचे ठरलेले क्रमांक, हातात दंड घेतलेले चोपदार, या सगळ्यात छावणीची शिस्त दिसते. लाखो माणसं आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारे २५० किलोमीटर चालवायची, तर प्रत्येक धक्क्याला जागच्या जागी उत्तर देऊन भागणार नाही, हे लष्करात वावरलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागलं नसेल.

तर त्या दिवशी आम्ही चाललो. पोरं तासभर धुमसत होती. शिवरीच्या विसाव्याला चहा झाला, पुढे कऱ्हेपठाराचा वारा लागला, आणि जेजुरी दिसायला लागली तेव्हा त्या दोघांतला एक घुसलेल्या दिंडीतल्या म्हाताऱ्या आजोबांची वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालला होता. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला गेला, सगळेच पिवळे झाले, कोण कुठल्या दिंडीतला तेही ओळखू येईना. तळावर चोपदारांनी दंड वर केला तेव्हा मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच टाळकऱ्यांना खूण केली, आणि आमचे टाळ वाजत राहिले.

मला आश्चर्य वाटलं. मला वाटलं होतं, आता कशाला? सगळे हसतखेळत आलेत की. चोपदार आले. अण्णांनी दोनच वाक्यांत सांगितलं: रस्ता अरुंद होतो तिथे मागच्यांनी थांबायला हवं, आज थांबले नाहीत, बायकापोरं चेंगरली असती. कोणाचं नाव घेऊन शिव्याशाप नाहीत, आवाज चढलेला नाही. त्या दिंडीच्या प्रमुखांना बोलावणं गेलं, त्यांनी मान्य केलं, आमचे टाळ थांबले.

राहुटीत परतताना मी विचारलं, "अण्णा, राग तर कधीच गेला होता, मग?"

"राग गेला, अरुंद रस्ता तिथंच आहे ना," ते म्हणाले. "पुढच्या सालीबी आपल्याला तिथनंच यायचंय."

शांत राहणं या गोष्टीबद्दल माझा जो काही समज होता तो इथे हलला. आपण साधारणपणे दोनच गोष्टी करतो. एक तर तिथल्या तिथे भडकतो, नाहीतर "जाऊ दे" म्हणून सोडून देतो आणि मग तेच पुन्हा घडतं. अण्णांनी सकाळी जे बाजूला ठेवलं ते संध्याकाळी उचललं. मधल्या वेळात त्यातला अपमान गळून गेला होता. खरी अडचण तेवढी राहिली होती. सकाळच्या तक्रारींपैकी बऱ्याच संध्याकाळपर्यंत टिकतच नाहीत, हेही मी पुढे पाहिलं: कुणाचा तांब्या कुणी उचलला, टँकरवर कोण मध्ये घुसलं, कोण रात्री घोरतं. घोरणाऱ्यांबद्दल चोपदारांकडे दाद मागता आली असती तर मी रोज एकटाच टाळ वाजवत उभा राहिलो असतो, ते सोडा.

वाल्ह्याला पावसाने गाठलं. मुक्काम रानात, काळी जमीन, आणि रात्री दोनच्या सुमाराला राहुटीखालून पाणी वाहायला लागलं. अशा वेळी भजन म्हणत रात्र काढली वगैरे ऐकायला छान वाटतं. आमच्याकडे तसं काही झालं नाही. दोघांनी फावडी घेतली, राहुटीभोवती चर खणला, बायकांनी अंथरुणं गोळा करून सामानाच्या पेटाऱ्यांवर चढवली आणि उरलेले उभ्याउभ्याच झोपले. ताडपत्री एकच होती, ती शिधा झाकायला गेली. कुणाच्या तरी तोंडून निघालं, "ताडपत्री एकच कशी काय आणली?" विणेकरी बुवा अंधारातूनच म्हणाले, "माउली, फावडं इकडं द्या." प्रश्न तिथेच विरला.

पहाटे पहिल्या भोंग्याला आवराआवर, दुसऱ्याला रांगेत उभं राहायचं, तिसऱ्याला पावलं सुरू. तुमची रात्र कशी गेली हे भोंगा विचारत नाही. आम्ही निघालो, पण सामानाचा ट्रक त्याच रानात चाकापर्यंत रुतला. दिंडीचा स्वयंपाक ट्रकवर अवलंबून असतो. तो पुढे जाऊन चूल पेटवतो, म्हणून मागून येणाऱ्यांना जेवण मिळतं. गावातल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून तो ओढून काढला तोवर आम्ही नीरेला पोचलो होतो. माउलींच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घालतात तो सोहळा पाहिला, पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलो, आणि पोटात कावळे ओरडत होते. रस्त्याकडेला गावकरी पिठलं-भाकरी वाढत होते, त्यावर निभावलं. लोणंदच्या तळावर ट्रक आला तो अंधार पडल्यावर, ओली गोधडी आणि भिजलेलं पीठ घेऊन. ड्रायव्हर मान खाली घालून उभा. मावशींनी त्याच्या हातात आधी चहा दिला.

पण एक सांगायला हवं. फलटणच्या पुढे बरडच्या वाटेवर ऊन तापलं होतं. आमच्यातल्या एका आजींची पावलं वेडीवाकडी पडायला लागली. बोलणं असंबद्ध, अंगाला घाम नाही. कुणीतरी म्हणालं, विठ्ठल विठ्ठल म्हणा, बसल्यावर बरं वाटेल. तेव्हा हेच अण्णा, जे पाऊस आणि उपास हसून काढत होते, ते ओरडले. अक्षरशः ओरडले. एकाला रुग्णवाहिकेकडे पळवलं, आजींना झाडाखाली निजवून लुगड्यावर पाणी ओतलं, पंच्याने वारा घालायला दोघांना बसवलं. आजी वाचल्या, दोन दिवसांनी वाहनाने येऊन पुन्हा दिंडीला मिळाल्या. संध्याकाळपर्यंत काय थांबू शकतं आणि काय नाही, हे ओळखण्यातच सगळी मेख आहे, आणि हे ओळखायचं कसं ते मला अजून शब्दांत सांगता येत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं दिंडी सांभाळली आहे त्यांना ते दिसतं.

जेजुरीचे टाळ सोडले तर वाटेत कशाचीच चर्चा झाली नाही. अण्णांच्या खिशात एक शाळकरी वही असे, रोज निजण्याआधी ते तिच्यात ओळ-दोन ओळी लिहीत. आषाढी एकादशी झाली, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला, आणि त्या दुपारी पंढरपुरातल्या मठात सगळे हिशोबाला बसले. भिशीचे, म्हणजे दिंडीच्या वर्गणीचे, पैसे किती जमले, किती खर्च झाले, ते आधी. मग वही उघडली. "शिवरी, रस्ता अरुंद. वाल्हे, ताडपत्री एक. ट्रक रुतला, पीठ भिजलं. बरड, ऊन, आजी." एकाही नोंदीपुढे माणसाचं नाव नव्हतं. ताडपत्री कुणी विसरली हे सगळ्यांना माहीत होतं, तो तिथेच बसला होता, आणि त्यानेच पहिल्यांदा तोंड उघडलं: पुढच्या वर्षी तीन आणू, एक फक्त अंथरुणांसाठी. रात्री पावसात हाच विषय निघाला असता तर तो माणूस तीन ताडपत्र्यांचं बोलला असता का? मला नाही वाटत. तो स्वतःची बाजू मांडत बसला असता.

असंच एकेक ठरत गेलं. पावसाची चिन्हं असतील तर ट्रक रानात उतरवायचा नाही, डांबरी रस्त्याच्या कडेला ठेवायचा, सामान खांद्यावरून न्यायचं. पीठ खताच्या प्लास्टिकच्या गोण्यांत. एक दिवसाचा कोरडा शिधा, चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू, ट्रकमध्ये न ठेवता चालणाऱ्यांबरोबर. सत्तरीच्या पुढच्यांबरोबर उन्हाच्या टप्प्यात एक तरुण जोडीला. यातलं शेवटचं आजींना मुळीच पसंत पडलं नाही, त्या बराच वेळ भांडल्या. भिशी थोडी वाढवावी लागेल यावरही दोन घरं नाराज झाली. अण्णांनी त्यांना थांबवलं नाही. सगळं बोलून होऊ दिलं, चहा मागवला.

पुढच्या वारीत वाल्ह्याला पावसाचा थेंब नव्हता. आभाळ फाटलं ते लोणंदला. ट्रक डांबरीवर उभा, गोण्या कोरड्या, अंथरुणं ताडपत्रीखाली. आम्ही एकमेकांकडे बघून हसतच होतो, तेवढ्यात मावशींची हाक आली. भाताचं पातेलं अर्धं शिजलेलं आणि चुलाणात पावसाचं पाणी. तीन ताडपत्र्या आणल्या होत्या, पण चुलीवर धरायला एकही नव्हती. अंथरुणांवरची काढली, चौघांनी चार कोपरे धरले, आणि भात होईपर्यंत हात वर करून उभे राहिलो.