फाशीच्या रात्रीचं पहिलं पान

२९ जुलै २०१५ ची रात्र. नागपुरातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी रात्रपाळीला होतो आणि पहिल्या पानावर दोन बातम्यांची ओढाताण चालली होती. सकाळी रामेश्वरमला अब्दुल कलामांचा दफनविधी, आणि आमच्याच वर्धा रोडवरच्या कारागृहात सात वाजता याकूब मेमनची फाशी. राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी दयेचा नवा अर्ज फेटाळल्याचं रात्री उशिरा कळलं. तोवर बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटलेली. शहर आवृत्तीला 'याकूबला आज फाशी' हा मथळा लागला.

माझ्या वाट्याला चौकट आली होती. माणसाचं आयुष्य दोन कॉलमांत बसवायचं. याकूब माहीमचा, पेशाने सीए, बॉम्बस्फोटांतला मुख्य फरार आरोपी टायगर मेमनचा धाकटा भाऊ. १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांत २५७ जण गेले, त्या कटात याने हात दिला आणि पैशांची व्यवस्था पाहिली, हे कोर्टात सिद्ध झालेलं. अटक १९९४ ची. सीबीआय म्हणे नवी दिल्ली स्टेशनवर पकडला. हा म्हणे मी काठमांडूहूनच यांच्या हाती लागलो. २००७ मध्ये टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या कोर्टाने फाशी सुनावली. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बाकी दहा जणांची फाशी जन्मठेपेवर आणली, याची तेवढी कायम ठेवली. ते दहा बाण, हा बाण सोडणाऱ्यांपैकी, असं कोर्टाचं म्हणणं. तुरुंगात इग्नूतून एमए. जन्म ३० जुलै १९६२. ही तारीख टाइप करताना ऑपरेटरने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे, राहू दे," म्हटलं.

खरी डोकेदुखी होती ती तुरुंगाच्या गेटवरून येणाऱ्या मजकुराची. एका बातमीदाराच्या कॉपीत याकूब रात्री नीट जेवला, दुसऱ्याच्या कॉपीत ताटाला हातही लावला नाही. दोन्हीकडे 'सूत्रांनी सांगितले'. आत पत्रकाराला प्रवेश नसतो, त्यामुळे भिंतीपलीकडचं सगळं ऐकीव. नागपुरात याआधीची फाशी १९८४ ची. डेस्कवर तिचा अनुभव असलेलं कोणीच नव्हतं. मी दोन्ही परिच्छेद उडवले. बातमीदार चिडला. बाकीचे पेपर छापणारच, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच होतं.

पान सुटायच्या बेतात असताना टीव्हीवर आलं की वकील मंडळी सरन्यायाधीश दत्तूंच्या घरी पोचलीत. मग कळलं, कोर्ट बसतंय. रात्री! प्लेट थांबवा म्हणून आम्ही खाली निरोप धाडला. तीन-वीसच्या सुमारास चार नंबरच्या कोर्टात न्या. दीपक मिश्रा, प्रफुल्लचंद्र पंत आणि अमिताव रॉय बसले. मुद्दा होता १४ दिवसांचा. शत्रुघ्न चौहान खटल्यात २०१४ मध्ये याच कोर्टाने ठरवून दिलं होतं की दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला कळवल्यावर फाशीपर्यंत किमान १४ दिवस द्यायचे. इथे तर काही तास. याकूबचे वकील आनंद ग्रोव्हर तेच मांडत होते. अॅटर्नी जनरल मुकुल रोहतगींचं उत्तर असं की पहिला अर्ज २०१४ मध्येच फेटाळला गेलाय. दर अर्जामागे नवे १४ दिवस मिळायला लागले तर फाशी कधी होणारच नाही.

मला दोन्ही बाजू पटत होत्या आणि हातात तयार मथळा होता. छपाईवाल्याचा फोन सारखा वाजत होता: "साहेब, गाड्या उभ्या आहेत." पाचच्या आसपास कोर्टाने अर्ज फेटाळला. मथळा तोच राहिला, खाली 'पहाटेची सुनावणीही निष्फळ' एवढी ओळ घातली आणि पान सोडलं. पेपर घरोघरी पोचेपर्यंत फाशी होऊनही गेली होती. मृतदेह विमानाने मुंबईला नेला, संध्याकाळी मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात दफन.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाद: फोटो कलामांचा मोठा की याकूबचा? कलामांचा गेला. २००४ मध्ये बलात्कार आणि खुनासाठी फाशी झालेल्या धनंजय चॅटर्जीचा दयेचा अर्ज याच कलामांनी फेटाळला होता, आणि पुढे विधी आयोगापुढे फाशी रद्द व्हावी या बाजूनेही मत दिलं होतं. आयोगाचा २६२ वा अहवाल ३१ ऑगस्टला आला. दहशतवादाचे गुन्हे आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी सगळ्या गुन्ह्यांसाठी फाशी काढून टाका, अशी शिफारस. आम्ही ती आतल्या पानावर घेतली.