गिटारची धार जाते कुठे?

"दादा, कीबोर्डच बाद झालाय. गिटारचा आवाज घोंगड्यातनं आल्यागत येतोय."

आज सांगलीत, विश्रामबागला, ऑर्केस्ट्राच्या सरावात एक पोरगा म्हणाला. सॅम्पलिंग चाललं होतं, म्हणजे गिटारचे सूर कीबोर्डमध्ये रेकॉर्ड करून घेणं.

कीबोर्ड ठणठणीत होता. गिटारची वायर थेट त्याच्या लाइन-इनमध्ये (बाहेरचा आवाज आत घ्यायच्या जॅकमध्ये) खुपसलेली, एवढंच. साध्या, बिनबॅटरीच्या पिकअपला (गिटारमधल्या तारांचं कंपन पकडणाऱ्या भागाला) समोर साधारण १ मेगाओहम रोधाचा इनपुट लागतो; लाइन-इन बहुधा १० ते ५० किलोओहमचा. रोध कमी म्हणजे पिकअपवर भार जास्त; एवढा भार पडला की तारेची धार सगळ्यात आधी मरते. मग आपण गेन (सिग्नलची उचल) वाढवतो आणि खरखरही वाढवून घेतो.

मध्ये बफरवाला पेडल लावला, म्हणजे पिकअपवर हा भार पडू न देणारा. तो बंद असला तरी चालतो, फक्त ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल बफरला वगळून सरळ पुढे सोडणारा) नको. बॅटरीवरच्या प्रीअ‍ॅम्पची गिटार असेल, म्हणजे सिग्नल आतच वाढवणारी, तर याचीही गरज नाही. पातळी अशी ठेवली, की सगळ्यात जोरकस झंकार मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये. सॅम्पल एकदा फाटलं की फाटलं.

५० हर्ट्झची घुंई उरली होती. अ‍ॅम्प आणि कीबोर्ड विजेच्या वेगवेगळ्या बोर्डांवर होते. एकाच बोर्डावर घेतल्यावर गेली. कुणीतरी अर्थची पिन काढायला निघालं होतं. तसं कधीच करू नका, जिवावर बेततं.

तुमच्याकडे किती कीबोर्ड असे विनाकारण दुरुस्तीला गेलेत?