आमची वाटचाल : चोक चेन ते जाळीचा मझल

पुण्यात सिंहगड रस्त्यावर मी श्वान-प्रशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा जवळ एक स्कूटर, दोन लांब दोऱ्या आणि एक चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, होती. चावरं कुत्रंसुद्धा चेनच्या हिसक्याने सरळ येतं, असं मी शिकले होते. तेच घरोघरी छातीठोकपणे सांगायचे.

मग चार वर्षांचा जर्मन शेफर्ड शेरू आला. जेवणाच्या भांड्याजवळ कुणी गेलं की गुरगुरायचा. गुरगुरला की हिसका, असा नेम मी धरला. तीन आठवड्यांत आवाज बंद झाला आणि घरच्यांनी मला पेढे दिले. पुढच्याच महिन्यात आजोबा भांड्याजवळून जात असताना त्याने चकार आवाज न काढता त्यांचा हात फोडला. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुतली, रेबीजची लस सुरू झाली. मी भेटायला गेले तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, "आधी निदान सांगायचा तरी गं."

ते सांगणं मीच बंद पाडलं होतं. भीती आत तशीच होती. शिवाय एक्स-रे काढल्यावर त्याच्या खुब्याचा सांधा झिजलेला निघाला. म्हणजे दुखत असलेल्या जनावराला मी हिसके देत होते. हे आजही मनातून जात नाही.

चेन त्या दिवशी सुटली. 'मालकाने कळपाचा म्होरक्या व्हावं' ही हिसक्यांमागची समजूत आली कुठून, तेही वाचून काढलं. तिचं मूळ प्राणी-अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर केलेल्या, १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. ती पुढे लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं.

आता आमच्याकडे पहिली फेरी पशुवैद्यांकडे. कान, दात, सांधे, थायरॉइड तपासल्याशिवाय मी काम हाती घेत नाही. कुत्र्याला आमच्याकडे ठेवूनही घेत नाही, कारण तो चावतो ते त्याच्या घरात, तिथल्या माणसांमध्ये. जाळीचा मझल, म्हणजे चावता येऊ नये म्हणून तोंडावर बसवायची जाळी, आधी दही चाटवत आवडता करायचा. त्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड आवळणारा कापडी मझल आपल्या उन्हाळ्यात घातक. 'पूर्ण बरा करून देतो' अशी हमी देत नाही, आणि रांगतं मूल असलेल्या घरांना कधी कधी नकोसं वाटणारं खरं सांगावं लागतं.

मार्च २०२४ मध्ये कुत्र्यांच्या २३ 'हिंस्र' जातींची विक्री आणि पैदास रोखा, असं केंद्राचं परिपत्रक आलं तेव्हा घाबरलेल्या श्वान-पालकांचे फोन थांबेनात. त्या यादीत जर्मन शेफर्ड नव्हता. मला मात्र प्रत्येक फोनला शेरूच आठवत होता.

त्याच्याबरोबर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सांध्याचं औषध चालू. भांड्यापासून दहा फुटांवरून जायचं, उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा आणि निघून जायचं. अंग ताठलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, की दुसऱ्या दिवशी अंतर वाढवायचं. चौथ्या महिन्यात सूनबाईंचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता.

"ताई, तो आज परत गुरगुरला! बाबा दोन पावलं मागे सरकले, तर लगेच गप्प झाला."